खांद्यामागचा कॅमेरा

आमच्या घरात त्या वर्षी एकाच गोष्टीवरून भांडण व्हायचं: कॅमेरा कुठं ठेवायचा. टीव्हीला जोडलेल्या खेळातला कॅमेरा. माझी मुलगी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं मामेभावाचा जुना गेमचा डबा उचलून आणला होता आणि त्यात तलवारीच्या लढाईचा एक खेळ होता. एक एकटा शिपाई, एक पडकी गढी आणि चहूबाजूंनी चाल करून येणारे शत्रू. कंट्रोलरवर एक बटण होतं. ते दाबलं की आपण शिपायाच्या डोळ्यांतून बघायचो. पडद्यावर आपले दोन हात, तलवारीचं पातं, मधोमध एक पांढरा ठिपका आणि समोरच्याचं तोंड, एवढंच. पुन्हा दाबलं की कॅमेरा उडी मारून शिपायाच्या खांद्यामागं जायचा आणि तो अख्खा माणूस पाठमोरा आपल्यापुढं उभा राहायचा. पहिल्याला मुलगी फर्स्ट पर्सन म्हणायची, दुसऱ्याला थर्ड पर्सन. ती पहिल्यातली, मी दुसऱ्यातला.

तिचं म्हणणं असं की लढायचं तर स्वतः लढावं. वार आपल्या तोंडावर आला पाहिजे, तरच तो चुकवण्यात मजा. मागं उभं राहून दुसऱ्याला लढवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. मी म्हणायचो, बाई, मी पहाटे साडेचारपासून फर्स्ट पर्सनमध्येच असतो. समोर काच, हातात स्टिअरिंग, आणि काचेत तोंडावर येणारं जग. घरी आल्यावर तरी मला दुसऱ्या कुणाची तरी पाठ बघू दे. यावर ती हसायची आणि बटण दाबून कंट्रोलर माझ्याकडं द्यायची.

मी बिडकीनकडच्या एका कारखान्याच्या कामगारांची बस चालवायचो. बस कारखान्याची नव्हती, ठेकेदाराची होती. मुकुंदवाडी स्टेशनाजवळ भरायची, मग बायपासनं पैठण रोडला लागायचं. पहाटेची पाळी सोडायची, दुपारी दोनला दुसरी पाळी भरून न्यायची, सुटलेली पहिली पाळी परत आणायची. संध्याकाळी साडेपाचला मी घरात यायचो तेव्हा अंगात काही उरलेलं नसायचं. मान आखडलेली, डावा पाय क्लच दाबून दाबून बधिर. बायको चहा ठेवायची आणि माझ्याकडं बघून काही विचारायची नाही. वीस वर्षांत तिला कळलं होतं की त्या वेळी विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडून धड उत्तर येत नाही. मी स्वभावानं तुसडा माणूस आहे, आणि दमलो की जास्तच.

म्हणून तो पाठमोरा शिपाई मला आवडायचा. लढून लढून त्याचे खांदे पडायचे. तलवार खाली यायची, पाठ वर-खाली व्हायची, आणि मला कळायचं की गडी दमला, आता याला जरा भिंतीला टेकू द्यावं. मुलीच्या कॅमेऱ्यात यातलं काही दिसायचं नाही. तिथं नुसता धापा टाकल्याचा आवाज यायचा आणि आपणच धापा टाकतोय असं वाटायचं. माणूस किती दमलाय हे त्याला स्वतःला आतून दिसत नाही, त्याच्या मागं उभ्या असलेल्याला दिसतं. हे मी मुलीला एकदा सांगितलंही. ती म्हणाली, पप्पा, तुम्ही गेम खेळताय का कीर्तन करताय.

पण खरं कारण वेगळं होतं आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. साधारण वर्षभरापासून मला डावीकडचं कमी दिसत होतं.

अंधुक दिसायचं असं म्हणावं, तर तसंही नव्हतं. समोरचं लख्ख दिसायचं. कारखान्याच्या फाटकावरची पाटी मी लांबून वाचायचो. फक्त डावीकडून गोष्टी अचानक उगवायच्या. रस्ता मोकळा आहे म्हणून जावं, तर एकदम दारापाशी दुचाकी. ऊस भरलेला ट्रॅक्टर, एवढं मोठं धूड, तोसुद्धा अगदी चाकाजवळ आल्यावर हजर व्हायचा. सुरुवातीला मी पोरांना शिव्या दिल्या, मग रस्त्याच्या कामाला, मग ऊसवाल्यांना. पैठण रोडला शिव्या द्यायला माणसं कमी पडत नाहीत. पुढं पुढं मला कळलं होतं. कळूनही मी डोळ्यांवर कातडं ओढून बसलो. ठेकेदाराकडं दरवर्षी डोळे तपासायचे. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचली. तपासणाऱ्यानं विचारलं, काही त्रास? मी म्हणालो, काही नाही. बसमध्ये चाळीस माणसं असतात, हे मला तेव्हाही माहीत होतं.

खेळात मात्र मागचा कॅमेरा मला सांभाळून घ्यायचा. शिपाई पडद्याच्या मधोमध, शत्रू त्याच्याभोवती, सगळं लहान आणि एका घोळक्यात. कुठंही बघितलं तरी चालायचं, म्हणून नजर आपोआप इकडंतिकडं फिरायची. मुलीच्या कॅमेऱ्यात नजर त्या पांढऱ्या ठिपक्याला बांधलेली, आणि शत्रू पडद्याच्या कडांवरून यायचे.

एका रविवारी तिनं मला कोंडीत पकडलं. गढीच्या दरवाज्याची लढाई तिला एकटीला जिंकता येत नव्हती आणि तिथं खेळ मागचा कॅमेरा घेऊच देत नव्हता. ती म्हणाली, पप्पा, एकदा बघा ना, तुमचा हात शांत आहे. माझ्या हाताचं कौतुक कुणी केलं की मी पाघळतो. बसलो. पहिल्या डावात मेलो, दुसऱ्यातही मेलो. पाच-सहा डाव झाले, आणि दरवेळी शिपाई डाव्या बाजूनं वार खाऊन पडला. मुलगी आधी हसत होती, मग पडदा सोडून माझ्याकडं बघायला लागली.

मग तिनं टेबलावरचा स्टीलचा डबा जवळ ओढला. डावीकडून कुणी आलं की ती डब्यावर बोटानं एक टक मारायची. मी थांबायचो, वळायचो आणि वार करायचो. बाजू मोकळी झाली की दोन टक. हे आम्ही ठरवलं नव्हतं. पण ती बसवाल्याची पोर. लहानपणी सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर यायची, तेव्हा क्लीनर बसच्या पत्र्यावर थाप मारताना तिनं हजारदा ऐकलं होतं. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. आमच्या धंद्यात ड्रायव्हर मागं-डावीकडं बघत बसत नाही, तो थाप ऐकतो. दोन थापा पडल्या की पाय क्लचवरून आपोआप उठतो, त्यात डोक्याचा संबंध नसतो.

त्या दिवशी आम्ही गढी जिंकली. बायकोनं भजी तळली. मी खूश होतो आणि मुलगीही खूश आहे असं मला वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी तिनं पुन्हा तोच डाव लावला. मी टक ऐकायची वाट बघत खेळत होतो आणि टक येत नव्हती. ती माझ्या डाव्या अंगाला येऊन बसली होती एवढं मला जाणवलं. मी दोनदा मेलो. तिसऱ्यांदा कसाबसा टिकून होतो, नजर ठिपक्यावर, तेव्हा ती हळूच म्हणाली, "पप्पा, माझा हात कुठंय?"

मी म्हणालो, मला काय ठाऊक, तुझा हात तुझ्यापाशी. मग मान वळवली. तिचा हात माझ्या चेहऱ्याशेजारी होता, कानापासून वीतभर पुढं, पंजा पूर्ण उघडलेला. डाव सुरू झाल्यापासून तिनं तो तसाच धरला होता. दंड थरथरत होता.

मला राग आला. खरं तर मी घाबरलो होतो, पण माझ्याकडं भीती रागाचेच कपडे घालून येते. मी म्हणालो, हे काय पोरकट चाळे, हा डाव काढ, माझा नेहमीचा कॅमेरा लाव. तिनं बटण दाबलं नाही. कंट्रोलर माझ्या हातातून काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "गाडीला हे बटण नाय, पप्पा."

मी उठून गच्चीवर गेलो. बायकोनं खालून दोन हाका मारल्या. जेवायला बसलो आणि अर्धी पोळी ताटात टाकून उठलो. मुलीपुढं लाज वाटावी अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. तिनं आईला सांगितलं असेल का, हाच एक विचार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीतलं मुलीला दिसलं होतं आणि तरी मी मूठ आवळून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. याची मला आजही लाज वाटते. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्या क्लीनरकडं नीट बघितलं.

क्लीनर म्हणजे चाचा. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, पिकली दाढी, डोक्याला रुमाल, तोंडात कायम लवंग. आमच्या बसमध्ये क्लीनरसाठी दारामागं एक बाक होता. चाचा पूर्वी त्यावर बसून डुलक्या घ्यायचे, बायपास आला की उठायचे. त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की बाकावर कामगारांच्या पिशव्या आहेत आणि चाचा दारात उभे आहेत. मुकुंदवाडीपासून बिडकीनपर्यंत उभे, एक हात दांडीला, दुसरा बाहेर पत्र्यावर. कुणी दुचाकीवाला डावीकडून घुसला की एक थाप. ट्रॅक्टर आला की एक थाप. मोकळं झालं की दोन. वर्षभर मी त्या थापांवर गाडी चालवत होतो, आणि माझ्या मनात मात्र हेच की माझा हात शांत आहे.

कारखान्यात माणसं उतरल्यावर मी त्यांना विचारलं, चाचा, बाक रिकामा करून बसत का नाही. ते पायरीवर बसून गुडघा चोळत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"उस्ताद, तुमाला उधरचं दिसत नाय. मला सालभर झालं म्हाईत हाय," ते म्हणाले. "बोलून काय करू? घरात पोरगी शिकायली तुमची. म्हणलं आपून उभं राहू."

त्यांचा उजवा गुडघा पायजम्यातूनही सुजलेला दिसत होता. मी त्यांना सांगितलं की मी डॉक्टरला दाखवतो, आजच-उद्या दाखवतो. त्यांनी मान हलवली. चालढकल करणाऱ्या माणसाचा आवाज ओळखायला काही शिक्षण लागत नाही.

आज-उद्या करत तीन दिवस गेले. मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलत होती. टीव्हीसमोर तो गेमचा डबा तसाच पडला होता, त्यावर बायकोनं रुमाल टाकला होता. रोज पहाटे मी निघताना मुलगी दारात यायची आणि मी चप्पल घालेपर्यंत उभी राहायची. काहीच म्हणायची नाही. ती म्हणाली असती तर मी भांडलो असतो आणि भांडण झाल्यावर बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी पहाटेची फेरी करून घरी गेलेले चाचा दुपारी आले नाहीत. गुडघ्यानं उठता येईना, असा त्यांच्या घरून निरोप आला होता. ठेकेदारानं दुपारच्या पाळीला दुसरा माणूस दिला, चाळिशीचा, कानात वायर घातलेला. त्यानं बाकावरच्या पिशव्या खाली काढल्या आणि ऐसपैस बसला. मुकुंदवाडीला ऊन तापलं होतं. बस भरली. मी इंजिन सुरू केलं आणि हात गिअरवर ठेवून बसलो. मला थाप हवी होती. मागून कुणीतरी म्हणालं, चला की उस्ताद, पाळी लागती. मी आरशात बघितलं. आरसा डावीकडं होता आणि त्याच्याकडं बघायचं तर समोरचं सोडावं लागायचं. मी पुन्हा समोर बघितलं. समोर लख्ख रस्ता, ठिपक्यासारखा.

नव्या माणसानं बसल्या जागेवरून, बाहेर न बघता, दांडीवर दोन थापा मारल्या.

माझा पाय उठला. मी सांगितलं ना, त्यात डोक्याचा संबंध नसतो. गाडी हातभर पुढं गेली असेल, तेवढ्यात डावीकडून पुढच्या पत्र्यावर सटकन एक थाप बसली. एकच. माझा पाय ब्रेकवर गेला आणि उभी असलेली माणसं एकमेकांवर आदळली.

थाप मारणारी एक बाई होती. पॅकिंग खात्यातली, हातात डबा, उशीर झाला म्हणून बसच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याला वळसा घालून दाराकडं पळत आलेली. बंपर तिच्या गुडघ्याला लागता लागता राहिला होता. ती दारातून चढली, माझ्या सीटपाशी आली. आरडाओरडा केला नाही. दम खात होती. रोज सगळ्या ड्रायव्हरांना सगळे लोक म्हणतात तेच ती म्हणाली.

"काका, दिसत नाय का?"

या प्रश्नाचं उत्तर कुणी देत नसतं. ड्रायव्हर उलट काहीतरी बोलतो, बाई काहीतरी बोलते आणि गाडी सुटते. माझ्या तोंडात ते नेहमीचं वाक्य आलंही होतं. पण मी फार दमलो होतो. वर्षभर लपवून लपवून मी किती दमलो होतो ते मला त्या क्षणी कळलं.

"नाय दिसत," मी म्हणालो. "डावीकडचं मला दिसत नाय."

मी इंजिन बंद केलं आणि किल्ली काढली. बसमध्ये एकदम गलका झाला. पाळी चुकणार म्हणून दोघं-तिघं माझ्यावर ओरडले. त्यांची काही चूक नव्हती. ती बाई मात्र दांडीला धरून माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं आपल्या बाटलीतलं पाणी मला दिलं. मी खाली उतरून ठेकेदाराला फोन लावला आणि जसं आहे तसं सांगितलं. तो आधी चिडला, दुसरा ड्रायव्हर पाठवतो म्हणाला, मग जरा वेळानं म्हणाला, आधी का नाही बोललात. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत मी बसच्या मागं, सावलीत उभा राहिलो. तो आला, बसला, गाडी निघाली. वीस वर्षांत माझी गाडी जाताना मी पहिल्यांदा मागून बघत होतो. तिचा मागचा पत्रा एका बाजूला पोचलेला होता. तो कधी पोचला ते मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी मुलीला म्हणालो, उद्या डॉक्टरकडं चल. तिनं बरं म्हटलं आणि आत जाऊन रडली. भिंत पातळ आहे आमची.

डॉक्टरीणबाईंनी एका अंधाऱ्या खोलीत मला पांढऱ्या गोल भांड्यासारख्या यंत्रापुढं बसवलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा आणि मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं. आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतील. दिसला की हातातलं बटण दाबायचं. ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, एवढं त्यांनी दोनदा बजावलं. मला हसू आलं. मी मनात म्हणालो, पोरी, बघ, तुझाच कॅमेरा.

उजवीकडं दिवे लागले, मी बटण दाबत गेलो. मग दिवे थांबले. मला आधी वाटलं यंत्र बंद पडलं. पण त्याचा बारीक आवाज चालू होता, टक, टक, आणि मला कळलं की दिवे लागतायत. ते डावीकडं लागतायत. अंदाजानं दाबता आलं असतं. आवाज येतो तेव्हा दाबावं, कुणाला कळणार. अंगठा बटणावर होता. वर्षभर मी हेच तर करत आलो होतो, आवाजावर गाडी हाकत. मी अंगठा उचलून बाजूला ठेवला आणि त्या आवाजात बसून राहिलो. बराच वेळ लागला.

काचबिंदू, बाई म्हणाल्या. डाव्या डोळ्याची कडेची नजर जवळजवळ गेलेली, उजव्याचीही नाकाकडची जायला लागलेली. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब टाकून राखायचं. गाडी बंद. वर्षभर आधी आला असतात तर, असं त्या म्हणाल्या आणि तपासणीचा कागद मुलीच्या हातात दिला. तिनं त्याची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

बाहेर आलो तर चारची वेळ, पहिली पाळी सुटल्याची गर्दी. रिक्षा, दुचाक्या, एक कामगारांची बस, ती आमची नव्हती. मी फुटपाथच्या कडेला उभा राहिलो आणि मला पाय उचलेना. एवढ्या वर्षांत रस्ता ओलांडायची मला कधी भीती वाटली नव्हती. मुलगी माझ्या उजवीकडं चालत होती; ती मागून वळसा घालून डावीकडं आली. मला ती दिसेनाशी झाली. मग माझ्या डाव्या खांद्यावर एक थाप पडली आणि मी थांबलो. डावीकडून उलट्या दिशेनं आलेली एक दुचाकी अगदी जवळून गेली.

नंतर दोन थापा पडल्या. मी समोर बघत पाऊल टाकलं.